प्लॉटवरची बाई ही माझी कल्पना

४ ऑक्टोबर, सकाळ

घराला लागून असलेल्या रिकाम्या प्लॉटवर पालिकेने बोर्ड लावला. दोन मजली इमारत होणार. लहान लहान घरं, कमी पगाराच्या लोकांना परवडतील अशी. बोर्डावर रंगीत चित्र आहे. चित्रातली झाडं प्लॉटवर नाहीत आणि चित्रातली माणसं गल्लीत नाहीत. सगळी हसतायत. माझा जन्म विमा कंपनीत दाव्यांची तपासणी करण्यात गेला. इतकी खूश माणसं फोटोत दिसली की मी ती फाइल बाजूला काढायचो.

माझा विरोध आहे. तत्त्वाचा प्रश्न आहे. तत्त्व कोणतं ते दुपारी लिहितो.

४ ऑक्टोबर, दुपार

डोळा लागला.

५ ऑक्टोबर

पार्किंग. ड्रेनेज. पाण्याचा दाब. गोंगाट. शिवाय आज स्वयंपाकघराच्या खिडकीतून मोकळी जागा दिसते, तिथे उद्या कोणाचं तरी बाथरूम दिसेल.

गरिबांबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्यांना घरं मिळालीच पाहिजेत. फक्त योग्य त्या ठिकाणी मिळावीत. हे वाक्य सभेत बोलण्याआधी जरा घासूनपुसून घ्यावं लागेल.

लेकीचा फोन. बाबा, आईचं कपाट आवरलंत का. आई जाऊन दीड वर्ष झालं, कपडे कोणाच्या तरी उपयोगी पडतील, वगैरे. तिला म्हटलं, सध्या गल्लीवर संकट आहे. कपाट उद्या.

७ ऑक्टोबर

गल्लीची सभा. दातवाल्या डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये, कारण एवढ्या खुर्च्या फक्त त्यांच्याकडे आहेत. टीपॉयवर जुनी मासिकं आणि प्लास्टरची कवळी. डॉक्टरांचं म्हणणं, पेशंटच्या गाड्या कुठे लावायच्या. शेजारच्या काकूंचं म्हणणं, चांगली शांत गल्ली आहे, उगाच कशाला. बाकीच्यांनी माना डोलावल्या. विरोध समिती स्थापन झाली, मी अध्यक्ष. कोणी दुसरं तयार नव्हतं असं नाही, पण माझ्याइतकं कोणी तयार नव्हतं.

संकल्प: आठवड्यात पालिकेला पत्र, महिन्यात बोर्ड खाली. रोज सकाळी फिरायला जाणे. साखर बंद.

१५ ऑक्टोबर

पत्र अर्धं झालंय. ते घेऊन पालिकेत गेलो. आर्किटेक्ट म्हणजे एक पोरगेली मुलगी निघाली, कानामागे पेन्सिल. मी पार्किंग म्हटलं, तिने नकाशा उलगडून पार्किंग दाखवलं. ड्रेनेज म्हटलं, तर म्हणाली या निमित्ताने तुमच्या सगळ्या गल्लीलाच नवी लाइन टाकतोय काका. पाण्याचा दाब वाढणार आहे म्हणे. चहा विचारला. नको म्हटलं. मग आणलाच होता म्हणून घेतला. दोन चमचे साखर होती, पण तो सरकारी चहा, त्यावर माझा ताबा नाही.

तिला पाणी पाजायला गेलो होतो, चहा पिऊन परत आलो. प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार असणं हेच मुळात संशयास्पद आहे.

१८ ऑक्टोबर

कोपऱ्यावरच्या दवाखान्यात बीपी तपासायला गेलो. नर्सबाई पट्टा गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या, काका, तुमच्या बाजूला घरं होतायत ना, मी पण अर्ज केलाय. दोन बस बदलून येते हो रोज. आईला घेऊन एका खोलीत राहते, घरमालक दर वर्षी सामान बाहेर काढायची धमकी देतो. इथे घर मिळालं तर दुपारी आईला जेवायला घालून येता येईल.

बीपी वाढलेलं निघालं. त्या म्हणाल्या, मनावर ताण घेऊ नका.

समिती नर्सबाईंच्या विरोधात नाही. समिती इमारतीच्या विरोधात आहे. नर्सबाई त्याच इमारतीत राहू इच्छितात हा निव्वळ योगायोग.

फिरायला जाणं उद्यापासून. बूट सापडले.

२१ ऑक्टोबर

सुचलं! पत्रं, अर्ज सगळं बाजूला ठेवायचं. जिथे भूत आहे तिथे कोण घर घेईल? अर्ज करणारेच पळाले की इमारत कोणासाठी बांधणार?

आता भूत कसं असावं. इथे माझा अनुभव कामाला येतो. खोट्या दाव्यात तपशील फार असतात. हातातला पेला कुठल्या रंगाचा होता तेसुद्धा सांगतात. खरा माणूस चाचरतो. त्यामुळे तपशील अगदी थोडे ठेवायचे. आणि सामान घरचंच वापरायचं, म्हणजे उलटतपासणीत आपण विसरत नाही.

तर एक बाई. संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमारास. प्लॉटच्या आपल्याकडच्या कोपऱ्यात उभी असते. हात वर करून दोरीवरचे वाळलेले कपडे काढते, एकेक करून खांद्यावर टाकते. तिथे दोरी नाही. बस्स. राखाडी स्वेटर. स्वेटर अशासाठी की थंडी येतेय.

कल्पना संपूर्णपणे माझी आहे. लिहिताना माझ्याच अंगावर काटा आला, म्हणजे चांगली जमलीय.

२२ ऑक्टोबर

काकूंना सांगितलं. काकूंना सांगणं म्हणजे पेपरात देणं. आधी सांगायचं नाही असं दाखवलं, मग त्यांनी आग्रह केला, मग मी सांगितलं. काकू पायरीवर खालीच बसल्या. एरवी त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू असतो, पण आज एवढंच विचारलं की स्वेटरला खिसे होते का. म्हटलं, असतील.

काम फत्ते. आनंदात एक लाडवाएवढा गुळाचा खडा खाल्ला. गूळ म्हणजे साखर नव्हे.

२६ ऑक्टोबर

गल्लीभर झालं. दातवाल्या डॉक्टरांना बाई दिसली! शिकलेला माणूस, भिंतीवर दोन पदव्या, पण पाचावर धारण बसलीय. संध्याकाळचे पेशंट बंद. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे बाईने कपड्याचा चिमटा दातात धरला होता. लाकडी चिमट्याने दातांचं एनॅमल जातं, असंही म्हणाले.

चिमटा माझ्या कथेत नाही. साक्षीदार आपल्या पदरचं घालतो, हे कंपनीत रोज बघायचो. आणि दाताचा डॉक्टर दुसरं काय बघणार? तरी चिमटा कुठून आला ते जरा विचारायला हवं होतं.

२९ ऑक्टोबर

आता काकूंना दिसली. चालताना डावा पाय थोडा ओढते म्हणे.

पायाबद्दल मी कोणालाच काही सांगितलं नव्हतं.

घरी येऊन स्वयंपाकघराची खिडकी लावली. थोड्या वेळाने उघडली. हवा लागते माणसाला.

३० ऑक्टोबर, सकाळ

शास्त्रशुद्ध तपास करायचं ठरवलं. हिचं कपाट उघडलं. राखाडी स्वेटर दुसऱ्या कप्प्यात आहे, बाह्या मागे दुमडून ठेवलेला, ती ठेवायची तसाच. म्हणजे दावा खोटा. एकच स्वेटर एकाच वेळी कपाटात आणि प्लॉटवर असू शकत नाही. पंचनामा पूर्ण.

स्वेटरला खिसे आहेत.

कपाट उघडलंच होतं तर आवरून घ्यायला हरकत नव्हती. पण तपास चालू असताना पुराव्याला हात लावायचा नसतो. लेकीला हे तांत्रिक मुद्दे समजणार नाहीत. कपाट परत लावलं. त्याआधी थोडा वेळ उघडं ठेवलं, वास जावा म्हणून. वास गेला नाही, बरं झालं.

२ नोव्हेंबर

काकू आल्या, बसल्या आणि सरळच म्हणाल्या, भाऊजी, त्या आपल्या वहिनी आहेत हो. तुम्ही ओळखलं कसं नाहीत?

मी चिडलो. काहीतरीच काय, म्हटलं. आता नोंद म्हणून लिहून ठेवतो: ही त्या प्लॉटवर कपडे वाळत घालायची हे खरं आहे. आमच्या गच्चीला ऊन नाही, म्हणून तिने आपल्या भिंतीपासून प्लॉटवरच्या जुन्या खांबापर्यंत दोरी बांधली होती. प्लॉट पालिकेचा, दोरी हिची, आणि हक्क असा की पालिकेचा माणूस आला तर त्यालाच टॉवेल काढायला हात लावायला सांगायची. ती गेल्यावर दोरी मी सोडवली. कुजली होती. शेवटच्या दिवसांत डावा पाय ओढायची हेही खरं. चिमटा दातात धरायची. पण यावरून काही सिद्ध होत नाही. दोरीवरचे कपडे सगळ्याच बायका काढतात.

काकू रडायला लागल्या. म्हणाल्या, एकट्याच असतात हो तिथे अंधारात. मी त्यांना पाणी दिलं.

त्या गेल्यावर दिवे लागेपर्यंत खिडकीत उभा राहिलो. केवळ निरीक्षण म्हणून. काही दिसलं नाही.

३ नोव्हेंबर

निरीक्षण. काही नाही.

४ नोव्हेंबर

चष्मा पुसून निरीक्षण. काही नाही. पोस्टमनला दिसली म्हणे. तो बदलीवर आलाय, गल्लीतला कोणी नाही, त्याला कशाला दिसायला पाहिजे?

५ नोव्हेंबर

गच्चीवरून. काही नाही. सर्दी झाली.

७ नोव्हेंबर

मोहीम मूळ उद्देशाकडे वळवायला हवी. अर्जदार पळायला हवेत. सर्दीचं निमित्त करून दवाखान्यात गेलो आणि नर्सबाईंना सहज बोलता बोलता सांगितलं, तुम्ही अर्ज केलाय खरा, पण तिथे भूत आहे म्हणतात.

त्या म्हणाल्या, भूत भाडं वाढवतं का काका? अकरा महिन्यांनी खोली खाली करा म्हणतं का? मग मला चालेल.

नंतर थर्मामीटर झटकत म्हणाल्या, मला दिसल्या की परवा, बसला जाताना. दम लागत होता त्यांना. मी म्हटलं, सावकाश करा काकू, घाई नाही. त्यांनी मान हलवली. विचारलं, भीती नाही वाटली? म्हणाल्या, भीती कसली, ओळखीच्या आहेत. शेवटचे तीन महिने हिला घरी इंजेक्शन द्यायला याच येत होत्या, ते मी विसरलो होतो. विसरलो नव्हतो. लक्षात आलं नव्हतं.

ताप नाही. सर्दीसुद्धा फारशी नाही म्हणाल्या.

घरी येताना प्लॉटच्या बाजूच्या फुटपाथने आलो. एरवी पलीकडच्या फुटपाथने येतो. हळूहळू आलो. एकदा बुटाची नाडी बांधायला थांबलो. माझ्या बुटांना नाडी नाही, पण समोरून डॉक्टर येत होते.

१० नोव्हेंबर

लेकीचा फोन. काकूंनी तिलाही कळवलंय! बाबा, आई दिसते म्हणे? म्हटलं, अफवा आहे. कोणी पसरवली? म्हटलं, आवाज नीट येत नाहीये. आवाज स्वच्छ येत होता. मग तिने अगदी लहानपणच्या आवाजात विचारलं, कशी आहे?

मी म्हटलं, बरी आहे.

फोन ठेवला आणि मग हे आपण काय बोललो असं झालं. कपाटाबद्दल तिने विचारलं नाही.

१२ नोव्हेंबर

निरीक्षणाच्या पद्धतीत सुधारणा. आजपासून स्वयंपाकघराचा दिवा बंद ठेवून खिडकीत बसायचं, म्हणजे बाहेरचं नीट दिसतं. दोन कप चहा केला. सवयीने झाला. एक थंड झाला, तो नंतर मीच प्यायलो. काही दिसलं नाही.

१४ नोव्हेंबर

सभा. आजचा दिवस अध्यक्षाच्या आयुष्यात लिहिण्यासारखा नाही, पण नोंद हवी.

मी उभा राहिलो, खाकरलो आणि विरोधाची पुढची दिशा असं म्हटलं. डॉक्टरांनी हात वर केला. म्हणाले, साहेब, मोकळी अंधारी जागा राहते म्हणून हे असलं होतं. इमारत झाली, दिवे आले, माणसं आली की ते जाईल. लवकर बांधा म्हणावं. काकू ताडकन उठल्या. जाईल म्हणजे काय, त्यांना घालवायचं कशाला? उलट सोबत होईल. त्यांना माणसांची किती आवड. दारावरून कोणी चहा न पिता गेलं नाही कधी. डॉक्टर म्हणाले, मला संध्याकाळचे पेशंट बघायचेत. काकू म्हणाल्या, तुमच्या पेशंटना त्या काय चावणार आहेत? असे दोन तट पडले. एकाला ती जायला हवी, दुसऱ्याला ती राहायला हवी. दोघांनाही इमारत मात्र हवी, आणि लवकर.

बाण उलटा येतोय हे पाहून मी शेवटी सांगून टाकलं. म्हटलं, ऐका, ही बाई मी बनवलेली आहे. मी. एकवीस तारखेला, टेबलाशी बसून. कोणाला काही दिसलं वगैरे नाही, माझ्या डोक्यातून निघालंय सगळं.

काकूंनी माझा हात धरला आणि हळूच म्हणाल्या, भाऊजी, बसा. डॉक्टरांनी पाणी आणलं. मागून कोणीतरी म्हणालं, सहन होत नाहीये त्यांना. मी आयुष्यात लोकांचे इतके खोटे दावे ऐकले आणि आज माझा एक खरा होता, तो कोणी उघडूनसुद्धा पाहिला नाही.

ठराव मंजूर झाला. विरोध समितीचं नाव स्वागत समिती. अध्यक्ष तोच.

१६ नोव्हेंबर

दिवसभर बाहेर पडलो नाही. खरं लिहितो, इथे कोण वाचतंय.

प्लॉट मोकळा हवा होता तो पार्किंगसाठी नाही. ड्रेनेजसाठी तर मुळीच नाही. संध्याकाळी खिडकीत उभं राहून मोकळ्या जागेकडे पाहिलं की ती दोरीवरचे कपडे काढायला गेलीय, येईलच इतक्यात, असं धरून चहा टाकता यायचा. तिथे भिंत आली की कुठून येणार? एवढंच होतं. ते सभेत सांगण्यासारखं नव्हतं म्हणून पार्किंग म्हटलं.

मला ती फार आठवते. हे एक वाक्य लिहायला ऑक्टोबरपासून इतकी पानं गेली.

पोस्टमनला दिसते. मला का दिसत नाही?

२० नोव्हेंबर

आर्किटेक्ट मुलगी घरी आली. तिच्या नोकरीत पहिल्यांदाच शेजाऱ्यांनी स्वतःहून घरं लवकर बांधा असं कळवलंय, आणि याचं सगळं श्रेय माझ्या पुढाकाराला आहे, असं म्हणाली. मी नम्रपणे मान खाली घातली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. काकूंच्या मागणीवरून तिने आपल्याकडच्या कोपऱ्यात कपडे वाळत घालायला मोकळी जागा सोडलीय. नकाशावर पेन्सिलीने दाखवली. तिचा चहा झाल्यावर मी तीच जागा पुन्हा एकदा दाखवायला सांगितली. म्हटलं, अध्यक्षाला माहिती हवी.

नर्सबाईंना घर मिळालं. पेढे नव्हते म्हणून दवाखान्यात सगळ्यांना लिमलेटच्या गोळ्या वाटल्या. मला दोन दिल्या. दोन्ही खाल्ल्या. बीपी उत्तम आहे.

२ डिसेंबर

उद्यापासून खोदकाम. मशीन येऊन उभं आहे.

काकूंनी संध्याकाळी सगळ्यांना भिंतीशी बोलावलं, वहिनींना सांगायला की घाबरू नका, उद्या जरा आवाज होईल. डॉक्टरही आले, मफलर गुंडाळून, काकूंच्या मागे. नर्सबाई आईला हाताला धरून घेऊन आल्या, जागा दाखवायला. आज मी खिडकीत थांबलो नाही. स्वच्छ शर्ट घातला, भांग पाडला आणि प्लॉटमध्ये त्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो. माती भुसभुशीत आहे. दिवे लागायची वेळ झाली.

काकू भिंतीवरून हळूच म्हणाल्या, आल्या बघा. डॉक्टरांनी मफलर तोंडावर ओढला. नर्सबाईंनी नमस्कार केला आणि त्यांच्या आईनेही, जिने हिला जन्मात पाहिलं नव्हतं. सगळे माझ्या डाव्या बाजूला बघत होते, अगदी जवळ, खांद्यापाशी. नर्सबाईंची आई म्हणाली, किती प्रेमाने बघतायत हो यांच्याकडे.

मी डावीकडे वळून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. समोर मशीन होतं आणि त्यामागे आमची स्वयंपाकघराची खिडकी.

काकूंनी विचारलं, भाऊजी, दिसल्या ना?

मी हो म्हणालो.